चंद्रभागेचं घर बघणं

चंद्रभागेनं घर बघायला सुरुवात केली त्याच आठवड्यात एका दलालाचा दात पडला. पडला म्हणजे तिनं पाडला. मी समोर उभा होतो, कारण तिला केरीपर्यंत माझ्याच मोटारसायकलवरून नेलं होतं.

मी प्रवीण. डिचोलीच्या बसस्टँडवर पायलट आहे. गोव्याबाहेरच्या माणसाला पायलट म्हटलं की विमान आठवतं. आमच्याकडे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन भाडं मारणारा तो पायलट. माणूस मागे कसा बसतो त्यावरून तो कसा आहे हे मला कळतं. घाबरट असतो तो खांदा धरतो, शहाणा असतो तो सीटमागची कांब धरतो. चंद्रभागा कशालाच धरायची नाही. मांडीवर हात ठेवून बसायची आणि खड्डा आला की रस्त्याला सोडून मलाच शिव्या द्यायची.

बाई चंदगडकडची, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाची. त्या बाजूच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तीही तशीच बोलायची. लग्न झाल्या झाल्या नवऱ्याबरोबर गोव्यात बांधकामावर आली. नवरा प्यायचा आणि मारायचा. त्यात नवीन काही नाही. नवीन हे, की एका दुपारी तिनं सिमेंट कालवायचं फावडं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो पळायला लागला तर मागे धावून आणखी घातलं. त्याच संध्याकाळी मिळेल ती गाडी पकडून तो घाटावर गेला, तो परत आलाच नाही. ही गोष्ट डिचोलीच्या सगळ्या गवंड्यांना ठाऊक आहे. कोणी तिच्यासमोर काढली तर ती म्हणायची, "माझंच हात भरून आलं रं, न्हाईतर अजून दिलं असतं."

पुढे तिनं स्वतःची टोळी उभी केली, स्लॅब टाकणारी. मिक्सर एकदा फिरायला लागला की शेवटचं घमेलं वर जाईपर्यंत कोणी बसायचं नाही, जेवायचं नाही, मरायचंही नाही. स्लॅब अर्धा सोडला तर जोड पडतो आणि जोडातून पाणी झिरपतं. मध्येच विडी पेटवणाऱ्याला ती लाथ घालायची. एकदा एका सुपरवायझरनं टोळीतल्या पोरीच्या कमरेला हात लावला, तेव्हा तिनं त्याचा तोच हात ओल्या काँक्रीटमध्ये दाबला आणि वर पाय देऊन उभी राहिली. तो बोंबलत होता आणि ही खाली ओरडून सांगत होती, "घमेली थांबवू नका गं!" डिचोलीपासून म्हापशापर्यंत तिला सगळे घाबरून होते आणि तरीही कामाला तिलाच बोलवायचे, कारण तिचा स्लॅब गळत नसे.

आणि एवढी बाई राहायची कुठं? ज्या इमारतीचा स्लॅब टाकायचा तिच्याच तळमजल्यात. खिडक्यांना सिमेंटच्या पिशव्या, दाराला पत्रा. प्लास्टर झालं, फरशी बसली, की चल ऊठ. एका ठिकाणी तिला निघायला दोन दिवस उशीर झाला तर वॉचमननं तिचा स्टो, भांडी, अंथरूण सगळं गॅलरीतून खाली फेकलं. तिनं वॉचमनच्या कानाचा चावा घेतला. कानाचा तुकडा गेला, पण जागा काही मिळाली नाही. जो जिना तिनं आणि तिच्या बायकांनी डोक्यावरून वाहून नेला होता, त्याच जिन्यावरून तिला पोलिसांनी खाली आणलं.

त्या दिवशी पोलीस ठाण्यातून तिला मीच परत आणलं. वाटेत ती म्हणाली, "परवीण, मला घर पायजे. लहान असू दे, जुनं असू दे. आतनं कडी घातली की भाईरनं कुणी 'चल ऊठ' म्हणता कामा नये. बस, एवढंच." ती एवढंच म्हणाली खरी, पण आजच्या गोव्यात एवढंच हे केवढं आहे ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी पायलट, दलालांना रोज मीच तर पाठीवर घेऊन फिरतो.

तर केरी. पेडण्याच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्रकाठचं गाव. तिथं एक जुनं घर विकायला आहे असं तिला टोळीतल्या कोणी सांगितलं होतं. आम्ही पोचलो तर दारात दीपक नावाचा दलाल उभा, काळा चष्मा, हातात दोन फोन. तो दिल्लीच्या कुठल्यातरी जोडप्याची वाट बघत होता. चंद्रभागेला बघून तो म्हणाला, "मावशी, बागकामाला बायका नंतर लागतील. नंबर देऊन जावा."

"बागकामाला न्हाई. घर बघाय आलोय," ती म्हणाली.

तो हसला. हसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्याच्या जागी मी असतो तर कदाचित हसलो असतो. पण त्यानं तिच्या दंडाला धरलं आणि "चल गे घाटी, टायम खावं नाका," म्हणत तिला फाटकाकडे ढकललं. पुढचा आवाज मी नारळ फोडताना ऐकतो तसा होता. दीपक वाळूत बसला आणि स्वतःचा दात शोधायला लागला. तेवढ्यात दिल्लीचं जोडपं गाडीतून उतरलं. त्यानं हे पाहिलं, परत गाडीत बसलं आणि काच वर करून निघून गेलं. परतताना चंद्रभागा म्हणाली, "घर बरं होतं, पण वारा लई." मी हसून हसून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

नंतर आम्ही पुष्कळ घरं पाहिली. काहींना वाट नव्हती, काहींना छप्पर नव्हतं, काहींचे वारस गोव्यापासून आखातापर्यंत पसरलेले. एका घरात नाग निघाला, एका घरात भाऊ-भाऊ कोयत्या घेऊन एकमेकांवर धावले आणि आम्हीच मध्ये पडलो. मग पावसाळा संपता संपता सर्वणचं घर दिसलं.

सर्वण डिचोलीच्या बाजूलाच. शेतं, काजू, संथ कारभार. घर दिनकरचं. हा दिनकर खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर काजूखाली गंजत उभा राहिला, आणि मालक रोज संध्याकाळी बारमध्ये गंजत बसायचा. घर मात्र बापाच्या हातचं, चिऱ्यांचं, वर नळीच्या कौलांचं छप्पर. पुढे सोपो, म्हणजे बसायचा दगडी कट्टा. मागे विहीर. चंद्रभागेनं भिंतींवर बोटांची पेरं आपटून पाहिली, शिडी लावून वर चढली, वासे ठोकले, नळे हलवले. मग आतल्या खोलीत गेली आणि जमिनीवर पाय लांब करून बसली. "हितं झोपणार मी," ती म्हणाली. तिचा आवाज असा मऊ झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिनकरची बायको ज्योती. दोडामार्गकडची, तिशी-पस्तिशीची, बारीक. तिनं चहा आणला आणि रांधपाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिला कोणी काही विचारलं नाही. चहा चांगला झालाय एवढं मी म्हणालो.

परतताना मी चंद्रभागेला सांगितलं, "मावशी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोव्यात लग्न झालं की इस्टेटीत बायकोचा अर्धा वाटा. तिच्या सहीशिवाय दिनकरला चिरासुद्धा विकता येणार नाही. तिच्याशी आधी बोला."

"करंल की सही," ती म्हणाली. "बायकोला सांगितलं की करती. माझ्या बाच्या शेताच्या कागदावर माझ्या नवऱ्यानं माझा अंगठा उठवून घेतलेला. मी कुठं विचारलं कशाला म्हणून."

घाटावरच्या माणसाची ही समजूत. पुरुषानं 'हो' म्हटलं की घर विकलं. आणि आमच्याकडचा दिनकरही तिला तसंच भासवत होता. त्यानं सांगितलं, आमच्या रिवाजाप्रमाणे देवाचा प्रसाद घेऊ, देव हो म्हणाला की झालं. म्हणजे काय करतात, तर देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारून वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. सोमवारी आम्ही तिघं देवळात गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या, दिनकरनं विचारलं, घर ह्या बायेक विकूं? चंद्रभागा डोळे मिटून उभी होती, दाढा आवळून, जणू डोक्यावर भरलेलं घमेलं आहे. उजवी पाकळी घरंगळली. ती देवळातच रडली. तिनं विसार दिला, दिनकरनं कपाळाला लावून घेतला. ज्योती घरी होती.

त्यानंतर आठवडाभरानं चंद्रभागेला पुढच्या पडवीचा एक वासा पुन्हा बघायचा होता म्हणून भर दुपारी आम्ही सर्वणला गेलो. दार आतून बंद. हाक मारणार तोच आतून पट्ट्याचा आवाज आला, आणि मागोमाग काहीतरी भिंतीवर आदळलं.

"सही कर गे! नाजाल्यार हाडां मोडटलों!" दिनकर ओरडत होता. "घर म्हज्या बापायचें!"

"मी सही करूचंय नाय!" ही ज्योती. "देवाक विचारल्यात, माका कोणी विचारूक नाय! घर इकलंस काय मी खंय जाव? सांग, खंय जाव?"

पुन्हा पट्टा. पुन्हा भिंत. मग भांडी पडली. मारणाऱ्याचा आणि मार खाणाऱ्याचा श्वास एकसारखाच ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं.

मी चंद्रभागेकडे बघितलं. मला वाटलं, आता ही दार फोडते. हात काँक्रीटमध्ये दाबणारी, कान तोडणारी, दात पाडणारी बाई ती. मी बाजूलासुद्धा सरकलो, तिला धावायला जागा हवी म्हणून. आणि ती सोप्यावर बसली. पदर सारखा केला, पाय खाली सोडले आणि मान वर करून छपराचे वासे बघायला लागली.

"मावशी!" मी म्हटलं.

"बस खाली. नवरा-बायकोचं हाय."

मी दाराकडे निघालो तर तिनं माझं मनगट धरलं. तिची पकड ती, हाड कडकडलं. "परवीण, सही होऊ दे," ती हळूच म्हणाली. "एकदा सही झाली की मग बघू."

आत काहीतरी मोडलं. लाकूड नव्हतं ते. ज्योती ओरडली आणि एकदम गप्प झाली.

मी मनगट हिसडलं आणि दारावर लाथा घातल्या. कडी निघाली. दिनकर दारात आला, बनियन घामानं भिजलेलं, हातात पट्टा, आणि तोंडावर हसू. "प्रवीणबाब, जमलें," तो धापा टाकत म्हणाला. "करतली ती सही." मी त्याला ढकललं तर तो तसाच हसत कोलमडला. ज्योती जमिनीवर पडली होती. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, उजवा हात कोपराखाली नको तिथं वळलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या बाजूनं बाहेर बघत होती.

मी तिला उचलून मोटारसायकलवर घातलं आणि डिचोलीच्या इस्पितळात नेलं. डाव्या हातानं तिनं माझा शर्ट धरला होता. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, न्हाणीत पडलंय. चंद्रभागेला मी तिथंच सोडून आलो होतो. ती चालत आली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर भेटली तेव्हा मी चारचौघांत तिला नाही नाही ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला बापाचं घर हाय. मार बरा होतो रं, घर गेलं की गेलं." मला तिचा इतका राग आला की मी गाडीला किक मारून निघून गेलो. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण तिचं बोलणं खोटं होतं असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

नोंदणीच्या दिवशी मी जाणार नव्हतो. साक्षीदार कमी पडला म्हणून गेलो. बाकावर आम्ही चौघं एका ओळीत, मी, चंद्रभागा, दिनकर, ज्योती. ज्योतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्याखाली हिरवं-पिवळं. दिनकर दाढी करून, सेंट मारून आलेला. चंद्रभागा नवं लुगडं नेसली होती, आणि कोणाकडेही बघत नव्हती.

अधिकाऱ्यानं नाव पुकारलं. तो चांगला माणूस होता. ज्योतीला समोर बसवून त्यानं विचारलं, "बाई, हाताला काय झालं?"

"न्हाणीत पडलंय."

"सही स्वखुशीनं देताय ना? कोणाची जबरदस्ती नाही?"

ज्योतीनं मान हलवली. हो की नाही, मला समजलं नाही. अधिकाऱ्यालाही समजलं नसावं, कारण तो पुन्हा विचारायला पुढे झुकला. तेवढ्यात दिनकर म्हणाला, "साहेब, उजव्यान जावचें ना, डावो आंगठो घेयात," आणि त्यानं तिचा डावा हात मनगटाला धरून पुढे ओढला आणि अंगठा यंत्रावर दाबला. उगाच जोरानं दाबला. ज्योतीच्या तोंडून बारीक आवाज आला.

चंद्रभागा उठली.

"साहेब, ही पडलेली न्हाई," ती म्हणाली. अख्खी कचेरी वळून बघायला लागली. "हिचा हात ह्यानं मोडलाय. सहीसाठी. मी भाईर बसलो होतो, माझ्या कानानं ऐकलंय."

अधिकाऱ्यानं कागद ओढून घेतले. दिनकरला कळायला क्षणभर लागला की घर, गिऱ्हाईक आणि विसार सगळं एकदम हातातून गेलं. बाकावर माझं हेल्मेट होतं. ते उचलून त्यानं चंद्रभागेच्या कपाळावर मारलं. रक्त फुटलं, डोळ्यात गेलं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही. तिनं दिनकरला शर्टाला धरून दाराबाहेर ओढलं आणि भिंतीवर आपटलं. तो तिच्या पोटात गुडघे घालत होता, केस ओढत होता. ती मात्र एकाच ठिकाणी मारत होती, मुठीनं, जबड्यावर. शिपाई आले, पक्षकार आले, वकील आले. चौघांनी ओढूनही ती सुटेना. शेवटी दोघं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. तिथंही ती वर होती आणि तो खाली. मी सोडवायला गेलो असं पोलिसांना सांगितलं. खरं म्हणजे मीही त्याला दोन लाथा घातल्या, आणि त्या घालताना फार बरं वाटलं.

दिनकरचा जबडा मोडला. चंद्रभागेच्या कपाळाला टाके पडले. माझं हेल्मेट फुटलं, ते कोणी भरून दिलं नाही. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, ठाण्यात समज देऊन मिटवल्या. इस्पितळात टाके घालताना मी तिला विचारलं, त्या दिवशी बसून राहिलात आणि आज का उठलात? ती म्हणाली, "त्यानं तिचा अंगठा दाबला ना. माझाबी असाच दाबलेला." आणि मग कपाळावर सुई चालू असताना ती म्हणाली, "घर गेलं माझं." टाक्यांसाठी एकदाही न कण्हलेली बाई त्या शब्दासरशी हुंदके देऊन रडली.

पण घर गेलं नव्हतं. दिनकर इस्पितळात पडून होता तेवढ्यात ज्योतीचा भाऊ सगुण दोडामार्गहून आला आणि सर्वणला येऊन राहिला. जबड्याला पट्टी बांधलेला दिनकर एका सकाळी घरी आला, जनेलं म्हणजे खिडक्या फोडल्या, तुळशीची कुंडी लाथाडली. सगुणनं त्याला कोयतीच्या मुठीनं असा फोडला की तो वाड्यावरच्या लोकांच्या पाया पडायला लागला. त्यानंतर वकिलाकडे बसून ठरलं. घर विकायचं, ज्योतीचा अर्धा वाटा ज्योतीला, आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. दिनकर आता कोणालाही विकायला तयार होता, तेव्हा घर कोणाला जायचं ते ज्योतीच्या सहीवर होतं.

ही बातमी मीच चंद्रभागेला नेऊन दिली. त्या वेळी ती मये गावात एका इमारतीच्या तळमजल्यात राहत होती, खिडकीला पिशव्या लावून. ती ताडकन उठली. केसांना तेल लावलं, नवं लुगडं नेसली, जखमेवर पदर ओढला आणि मग परत मागे सारला, टाके दिसावेत म्हणून. "मला न्हाई देणार तर कुणाला देणार?" ती म्हणाली. "रगत सांडलंय मी तिच्यासाठी." मलाही तसंच वाटत होतं. वाटेत तिनं बाजारातून नारळ घेतला.

ज्योती ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. प्लास्टर निघालेला हात वाळल्या फांदीसारखा झाला होता. सगुण दारात बसला होता. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

"घर इकतेस म्हणं," चंद्रभागा म्हणाली.

"होय. इकतलंय. पण तुमका नाय."

चंद्रभागेला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "का गं? दुसरा कोण जास्त देतोय? सांग, मी बघतो काहीतरी."

"कमी दिल्यान तरी चलात माका. तुमका नाय देवचा."

"अगं, मारलं की मी त्याला!" चंद्रभागा ओरडली. तिनं कपाळ पुढे केलं. "हे बघ! हे कुणासाठी? जबडा मोडला मी त्याचा तुझ्यासाठी!"

ज्योतीनं सूप खाली ठेवलं. ती रागावलेली दिसत नव्हती. "ता मागसून," ती म्हणाली. "आदी त्या दिवशी प्रवीणान दार फोडल्यान, तेव्हा मी भुंयेर पडललंय. दार उघडला आणि माका पयली तुमी दिसल्यात. सोप्यार. तुमी छपराकडे बघी होत्यात."

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली. सगुण आमच्याकडे बघत राहिला. मी वाट बघत होतो चंद्रभागा काय करते त्याची. मला भीती होती की ती सूप भिरकावेल, शिव्या घालेल, निदान दारात थुंकेल. माझे हात तिला धरायला तयार होते.

"खरं हाय," ती म्हणाली. आणि वळून फाटकाकडे चालू लागली. नारळ तिच्या हातातच राहिला.

शेतांच्या वळणावर तिनं मला थांबायला सांगितलं. उतरून बांधावर उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण नाही.

"कामावरच्या शेडात नवरा मला मारायचा ना," ती म्हणाली, "संध्याकाळी, सगळ्यांच्या समोर. दोन्ही बाजूला बायका भाकऱ्या थापत असायच्या. मी एकेकीचं नाव घेऊन हाका मारायचो. एक उठायची न्हाई, परवीण. मान खाली घालून भाकरी थापायच्या. त्या सगळ्यांची तोंडं मला अजून डोळ्यापुढं हायत. बाजारात कुणी दिसली तर मी वाट बदलतो, समोर आली तर हातनं काय होईल सांगता येत न्हाई म्हणून." तिनं बांधावर नारळ ठेवला. "आता ही मला बघून वाट बदलणार."

घर फोंड्याच्या एका मास्तरानं घेतलं. चंद्रभागेनं मला पुन्हा कधी घर बघायला चल म्हटलं नाही.